झिजलेला सिलिंडर घरी मोजणे आणि होन करणे (कास्ट आयर्न बुलेटच्या निमित्ताने)

शतांश (धागाकर्ता)

माझ्याकडे वडिलांची १९८६ सालची बुलेट ३५० आहे. दोन वर्षांपूर्वी ती निळसर धूर सोडू लागली आणि ऑइल कमी होऊ लागले. तेव्हा "बॅरलला होन मारा, नव्या रिंगा टाका, गाडी नवी होईल" असा सल्ला मिळाला. (बॅरल म्हणजे सिलिंडर, बोअर म्हणजे त्याची आतली गोल पोकळी, रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, आणि होन म्हणजे दगड फिरवून बोअरची भिंत घासण्याचे अवजार.) मी ड्रिल मशीनला तीन पायांचा स्प्रिंगचा होन लावला, आरशासारख्या गुळगुळीत झालेल्या बोअरवर दोन मिनिटांत रेघा उमटवल्या, नव्या रिंगा बसवल्या आणि काम झाले असे समजलो. जेमतेम अकराशे किलोमीटरनंतर धूर परत आला, आणि बॅरल उतरवले तेव्हा वरची रिंग तुटलेली निघाली. होन करण्यापूर्वी मी बोअर मोजलाच नव्हता. या वेळी आधी मोजमाप केले. त्यातून काय हाती आले ते तपशिलाने लिहितो, कारण मराठीत या विषयावर होन कसा फिरवावा हे सांगणारे बरेच भेटतात, पण होन फिरवावा की नाही हे कसे ठरवावे ते फारसे कोणी सांगत नाही.

प्रथम झीज कुठे होते ते पाहू. सिलिंडर वरपासून खालपर्यंत सारखा झिजत नाही. पिस्टन सर्वांत वर पोहोचतो तेव्हा तो क्षणभर थांबतो, त्यामुळे रिंग आणि भिंत यांच्यामधला तेलाचा थर तिथे सर्वांत पातळ असतो. त्याच जागी ज्वलनाचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो आणि तापमानही तिथेच सर्वाधिक असते. म्हणून वरची रिंग जिथपर्यंत पोहोचते त्या पट्ट्यात बोअर सर्वाधिक खातो आणि खाली येता येता झीज कमी होत जाते. रिंग ज्या वरच्या काही मिलिमीटरपर्यंत पोहोचतच नाही, तिथे मूळ माप शिल्लक राहते आणि एक कड तयार होते. नखाला ती पायरीसारखी लागते. जुन्या रिंगेची वरची धार या कडेबरोबर झिजून गोलसर झालेली असते, नवी रिंग मात्र चौकोनी धारेची असते आणि ती थेट कडेवर आदळते. माझी रिंग तुटण्याचे कारण बहुधा हेच होते.

दुसरी झीज बाजूची. बुलेटमध्ये क्रँक आडवा असतो, म्हणजे गजन पिन (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन) डावी-उजवी असते आणि कनेक्टिंग रॉड पुढे-मागे झुकतो. पॉवर स्ट्रोकमध्ये रॉड तिरपा असताना पिस्टन मागच्या भिंतीवर दाबला जातो. त्यामुळे पुढे-मागे झीज जास्त, डावी-उजवीकडे कमी, आणि बोअर गोल न राहता लंबगोल होतो.

आता मोजमापाकडे वळतो. व्हर्नियर कॅलिपरने हे काम होत नाही. त्याचा लघुत्तम माप ०.०२ मि.मी. असला, तरी त्याचे आतले जबडे वक्र भिंतीवर नेमके व्यासावर बसत नाहीत. मी एका ओळखीच्या टर्नरकडून ५० ते १५० मि.मी.चे डायल बोअर गेज (आतला व्यास मोजण्याचे उपकरण) आणि ५० ते ७५ मि.मी.चा मायक्रोमीटर दोन दिवसांसाठी आणला. मायक्रोमीटर ७०.०० वर लावून लॉक केला, त्याच्या जबड्यांमध्ये बोअर गेज धरून डायलचा शून्य जुळवला. मग गेज बोअरमध्ये घालून उभ्या पातळीत हलकेच पुढे-मागे झुलवले. झुलवताना काटा एका बाजूला जाऊन परत फिरतो. जिथून तो परत फिरतो ते सर्वांत लहान माप म्हणजे खरा व्यास. हे झुलवणे जमले नाही तर प्रत्येक माप प्रत्यक्षाहून मोठे दिसते.

बोअरचे मूळ माप ७० मि.मी. (स्ट्रोक ९०, म्हणून ३४६ सी.सी.). तीन उंचींवर, दोन दिशांनी घेतलेली सहा मापे अशी आली: कडेच्या लगेच खाली पुढे-मागे ७०.१९ आणि पिनच्या दिशेने ७०.११, मध्यावर ७०.१० आणि ७०.०७, तळाशी, जिथे रिंगा पोहोचत नाहीत, ७०.०३ आणि ७०.०२. म्हणजे वरच्या बाजूला बोअर ८ शतांश लंबगोल, आणि पुढे-मागे वरून खालपर्यंत १६ शतांशांचा उतार. (शतांश म्हणजे ०.०१ मि.मी.; पुढेही याच अर्थाने लिहितो.)

१६ शतांश हा आकडा डोळ्यांना क्षुल्लक वाटतो. पण रिंग ही कापलेली वर्तुळाकार पट्टी आहे. व्यास जेवढा वाढतो त्याच्या ३.१४ पट तिच्या तोंडाची फट उघडते. दोन्ही दिशांची सरासरी धरली तर हा उतार साडेबारा शतांशांचा, म्हणजे प्रत्येक खेपेला फट ०.४ मिलिमीटरपर्यंत उघडायची आणि मिटायची, आणि इंजिन ३००० फेऱ्यांवर असताना हे दर मिनिटाला ३००० वेळा घडायचे. अशा बोअरमध्ये नवी रिंग किती दिवस नीट बसणार, हे मी दोन वर्षांपूर्वी स्वतःला विचारले असते तर एक रिंगसेट वाचला असता.

ज्याला आपण घरी होन म्हणतो, तो स्प्रिंगच्या पायांचा असो की बिया लटकवल्यासारखा दिसणारा बॉल होन असो, बोअरचा आकार सुधारत नाही. त्याचे दगड स्प्रिंगच्या जोरावर भिंतीला चिकटून फिरतात, भिंत जशी असेल तसे जातात. लंबगोल बोअर होननंतर रेघा उमटलेला लंबगोल बोअर होतो, एवढेच. त्याचे खरे काम पृष्ठभागावरचा चकचकीत थर मोडणे आणि तेल धरून ठेवणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी उमटवणे हे आहे. झीज मर्यादेत असेल तेव्हा ते फार मोलाचे काम आहे. मर्यादेबाहेर असेल तर बोअरिंगला (मशीनवर बोअर मोठा करून पुन्हा गोल करण्याला) पर्याय नाही. माझा बोअर दुसऱ्या वर्गातला निघाला. पुढचा निर्णय घेण्यापूर्वी जाणकारांनी माझ्या मापांत चूक असल्यास दाखवावी, अशी विनंती.

भीमाकाठ

लेख उपयुक्त आहे. परंतु प्रत्येकाला बोअर गेज मिळणे शक्य नाही. आमच्या भागात ते तालुक्याच्या बोअरिंगवाल्याकडेच असते आणि तो ते बाहेर देत नाही. केवळ फिलर गेजच्या (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांच्या) साहाय्याने झिजेचा अंदाज घेता येतो का? माझ्याकडे येझदी आहे. ती चार वर्षे उभी होती, आता किक मारताना पूर्वीसारखा दाब जाणवत नाही.

टूलरूम

भीमाकाठ, निश्चितच घेता येतो, आणि त्याची गुरुकिल्ली शतांश यांनी वर सांगितलेल्या ३.१४ मध्येच आहे. मी चिंचवडच्या एका कारखान्यात मोजमाप विभागात बरीच वर्षे काम केले आहे. उपकरण नसले की ही पद्धत मी स्वतः वापरतो.

एक रिंग घ्या. जुनी असली तरी चालेल, कारण आपल्याला फरक हवा आहे. ती पिस्टनवर न बसवता बोअरमध्ये तळाच्या न झिजलेल्या भागात ठेवा आणि पिस्टनच्या सपाट माथ्याने ढकलून ती सर्व बाजूंनी समपातळीत आणा. रिंग तिरपी राहिली तर सारे माप फुकट जाते. तोंडाची फट फिलर गेजने मोजा. मग तीच रिंग त्याच रीतीने कडेच्या जरा खाली आणून फट पुन्हा मोजा. दोन्ही फटींतल्या फरकाला ३.१४ ने भागले की वरचा आणि खालचा व्यास यांतला सरासरी फरक मिळतो. या पद्धतीचा गुण असा की तीन शतांशांची झीज फटीत जवळजवळ दहा शतांश होऊन दिसते, म्हणून साध्या फिलर गेजलाही ती पकडता येते. दोष असा की रिंग संपूर्ण परिघाचा हिशेब देते. बोअर लंबगोल आहे की गोल, ते ती सांगत नाही. लंबगोलपणाचा थोडा अंदाज हवा असल्यास रिंगेच्या मागे टॉर्च धरून बघा, कोणत्या बाजूला प्रकाश निसटतो ते कळते.

शतांश, तुमची मापे मला विश्वासार्ह वाटतात, पण तीन गोष्टी विचारतो. बॅरल मोजताना कोणत्या तापमानाला होते? मायक्रोमीटरचा शून्य तुम्ही स्टँडर्ड (ठरावीक लांबीच्या) दांड्याने तपासला होता का? आणि रॅचेट (ठरावीक दाबाला घसरणारी मायक्रोमीटरच्या टोकाची मूठ) वापरलात की हाताने आवळलात? कास्ट आयर्न दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ११ मायक्रॉन वाढते. ७० मि.मी.चे बॅरल उन्हातून आत आणले आणि ते मायक्रोमीटरहून २० अंशांनी गरम असले, तर बोअर दीड शतांशाने मोठा दिसेल. दोन्ही वस्तू एकाच तापमानाला असतील तर ही चूक बरीचशी आपोआप कटते, कारण मायक्रोमीटरचे पोलादही जवळजवळ तेवढेच वाढते. म्हणून बॅरल, गेज आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवावेत आणि पंखा-उन्हाचा झोत लागण्यापूर्वी सकाळी मोजावे. मायक्रोमीटर फार वेळ मुठीत धरला तरी फ्रेम गरम होऊन माप हलते.

शतांश

टूलरूम, आपला संशय अंशतः खरा निघाला. बॅरल रॉकेलने धुऊन अंगणात वाळत ठेवले होते आणि तासाभराने मोजले होते. आपल्या सूचनेप्रमाणे काल रात्री सर्व वस्तू आतल्या खोलीत ठेवल्या, मायक्रोमीटरचा शून्य ५० मि.मी.च्या दांड्याने तपासला (तो बरोबर होता) आणि सकाळी सहाही मापे पुन्हा घेतली. प्रत्येक माप एक शतांशाच्या आत जुळले. वरचे मोठे माप ७०.१९ च राहिले. रिंग घालूनही पाहिली: तळाशी फट ०.४० आणि वर ०.८०. फरक ०.४०, भागिले ३.१४ म्हणजे ०.१२७. बोअर गेजने वरच्या दोन दिशांची सरासरी ७०.१५ आणि तळाची ७०.०२५ येते, म्हणजे फरक ०.१२५. दोन पद्धतींचा असा मेळ बसल्याचे पाहून मला फार समाधान वाटले. ज्यांच्याकडे गेज नाही त्यांनी रिंगेवर निःशंक भरवसा ठेवावा.

पंपघर

आमच्याकडे ऊस आणि द्राक्ष, म्हणून इंजिन हा घरातलाच विषय आहे. विहिरीवरचे किर्लोस्कर ए.व्ही. १ डिझेल इंजिन, ८० मि.मी. बोअर आणि ११० स्ट्रोक, १५०० फेऱ्यांवर चालणारे, मी स्वतः उघडतो. तिथे प्रश्न वेगळा पडतो, कारण लाइनर (ब्लॉकमध्ये बसवलेली सिलिंडरची वेगळी नळी) बदलता येतो. झीज मर्यादेबाहेर गेली की बोअरिंगच्या फंदात न पडता लाइनर-पिस्टनचा संच आणतो. तरीही मोजण्याची सवय मी सोडत नाही. नवा लाइनर ब्लॉकमध्ये बसवल्यावर तो चेपला जाऊन कुठे आवळला तर नाही ना, हे बसवल्यानंतरच मोजावे लागते; टेबलावर गोल असलेला लाइनर ब्लॉकमध्ये गोल राहीलच असे नाही.

माझा एक आक्षेप मात्र आहे. आमचे जुने मिस्त्री लाकडाच्या दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळून हाताने बोअर घासत आणि ती इंजिने पुढे वर्षानुवर्षे चालत. मग तिरप्या रेघांचा आणि त्यांच्या कोनाचा एवढा हिशेब कशाला?

शतांश

पंपघर, ज्या मिस्त्रींबद्दल आपण लिहिता त्यांच्या हाताला जी जाण होती तिचा मला आदर आहे. हाताने घासताना ते दांडा फिरवत वर-खाली नेत, त्यामुळे रेघा आपोआप तिरप्या पडत आणि वेग कमी असल्याने कोन ठीक येई. गडबड ड्रिल मशीन हाती आल्यावर झाली. म्हणूनच हिशेब करून ठेवावा असे मला वाटते.

रेघांचा कोन दोन वेगांवर ठरतो: दगडाचा परिघावरचा वेग आणि होन वर-खाली नेण्याचा वेग. दोन्ही बाजूंच्या रेघा एकमेकींना सुमारे ४५ अंशांत छेदाव्यात अशी सर्वसाधारण अपेक्षा असते, म्हणजे प्रत्येक रेघ आडव्यापासून साडेबावीस अंश. त्यासाठी वर-खालीचा वेग परिघावरच्या वेगाच्या ०.४१ पट हवा. ७० मि.मी.चा बोअर आणि ड्रिलच्या २०० फेऱ्या धरल्या तर परिघावरचा वेग मिनिटाला ४४ मीटर होतो आणि वर-खालीचा वेग १८ मीटर हवा. होनचा प्रवास १२० मि.मी. धरला तर मिनिटाला सुमारे ७६ येरझाऱ्या, म्हणजे सेकंदाला एकाहून थोड्या जास्त. हे हाताला सहज जमते. आता तेच ड्रिल १२०० फेऱ्यांवर ठेवले, तर त्याच कोनासाठी मिनिटाला साडेचारशे येरझाऱ्या लागतील. ते माणसाच्या हाताला अशक्य आहे. सेकंदाला एक येरझारा ठेवली तर रेघा जेमतेम ६ अंशांत छेदतात, म्हणजे जवळजवळ आडव्या पडतात. माझे पहिले होनिंग असेच झाले होते, हे जुन्या बॅरलवरच्या पुसट रेघा पाहून आता ध्यानात येते. म्हणून वेग कमी-जास्त होणारेच ड्रिल घ्यावे आणि ते सावकाश चालवावे.

होन फिरता ठेवूनच आत घालावा आणि फिरता ठेवूनच बाहेर काढावा, मध्ये थांबवू नये. थांबला तर तिथे आडवी खूण पडते. दोन्ही टोकांना दगड सुमारे एक तृतीयांश बाहेर यावा, पूर्ण बाहेर येऊ नये. टोकाला रेंगाळल्यास तोंड कर्ण्यासारखे उघडते. साध्या कास्ट आयर्न रिंगांसाठी २२० ग्रिटच्या (दाण्याच्या बारीकपणाचा आकडा) आसपासचा दगड वापरण्याची रीत आहे. भरपूर तेल किंवा रॉकेल-तेलाचे मिश्रण सतत सोडत राहावे, म्हणजे दगड कापलेल्या भुकटीने बुजत नाही.

दुहेरीसायलेन्सर

भीमाकाठ यांच्यासाठी लिहितो, कारण मीही येझदीवालाच आहे. टू-स्ट्रोकच्या बोअरमध्ये भिंतीत खिडक्या (वायू आत-बाहेर जाण्याची छिद्रे) असतात. स्प्रिंगच्या पायांचा होन तिथे वापरू नका. त्याचे लांब दगड खिडकीच्या कडेत अडकतात, दगड फुटतो किंवा बोअरला चर पडतो. बॉल होन तिथे पुष्कळ सुरक्षित असतो. होननंतर प्रत्येक खिडकीच्या धारेवरून बारीक कानसीने किंवा पॉलिश पेपरने हलकी गोलाई द्या, कारण तीक्ष्ण धार नव्या रिंगेला ओरबाडते. रिंगेची फट मोजताना तळाचे माप सर्व खिडक्यांच्या खाली आणि वरचे माप खिडक्यांच्या वर घ्या. खिडकीसमोर रिंग ठेवून घेतलेल्या मापाला अर्थ नाही. बोअर ६५ मि.मी.चा आहे, त्यामुळे शतांश यांचा वेगाचा हिशेब थोड्या फरकाने आपल्यालाही लागू पडतो.

मोटरखाना

एक महत्त्वाची सूचना राहून जाते आहे. हा सारा धागा कास्ट आयर्न बोअर किंवा कास्ट आयर्न लाइनर यांच्याबद्दल आहे. आजच्या अनेक गाड्यांच्या बोअरमध्ये कास्ट आयर्न नसतेच. चाकणला तयार होणाऱ्या के.टी.एम. ड्यूक ३९० च्या ॲल्युमिनियम बोअरवर निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) पातळ थर असतो. यामाहा आर १५ चा सिलिंडर डायसिल या सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचा आहे. अशा बोअरमध्ये साधा दगडी होन फिरवणे म्हणजे थर किंवा पृष्ठभाग कायमचा बिघडवणे. तिथे झीज झाली की बॅरल बदलणे हाच सामान्य मार्ग आहे. शंका असेल तर चुंबक लावून पाहा: कास्ट आयर्न लाइनरला चुंबक घट्ट चिकटतो, थर दिलेल्या ॲल्युमिनियमला तसा घट्ट चिकटत नाही.

दुसरी गोष्ट, पिस्टनही मोजायला हवा. पिस्टन गोल नसतो. तो मुद्दाम लंबगोल आणि वरच्या बाजूला निमुळता घडवलेला असतो, कारण ॲल्युमिनियम कास्ट आयर्नच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि माथा सर्वांत जास्त तापतो. त्याचे माप स्कर्टवर (रिंगांच्या खालच्या भागावर), गजन पिनच्या काटकोनात घ्यावे. नेमक्या किती उंचीवर घ्यावे ते पिस्टनच्या कंपनीने दिलेले असते. बोअरच्या मापातून हे माप वजा केले की मोकळीक मिळते, आणि बोअरिंगचा निर्णय शेवटी त्या मोकळिकीवर ठरतो. "नवा पिस्टन आहे, बसेल" असे म्हणून घातलेला पिस्टन पहिल्याच चढाला जाम होताना मी पाहिला आहे.

भीमाकाठ

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी रिंग घालून पाहिली. खिडक्यांच्या खाली फट ०.३०, वर ०.४०. फरक ०.१०, म्हणजे व्यासात सुमारे ३ शतांश. बोअरवर पातळ गंज आणि चकचकीत थर होता, ओरखडा मात्र एकही नाही, आणि कड नखाला जेमतेम लागते. माझा कौल बॉल होन आणि नव्या रिंगा असा आहे. बरोबर आहे का?

टूलरूम

माझ्या मते बरोबर आहे, फक्त पिस्टनची मोकळीक आणि नव्या रिंगेची फट तपासल्याशिवाय बंद करू नका. फटीसाठी ढोबळ नियम असा की बोअरच्या प्रत्येक इंचाला तीन ते चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ६५ मि.मी. म्हणजे अडीच इंचांहून किंचित जास्त, तेव्हा ८ ते १० थाऊ, म्हणजे साधारण ०.२० ते ०.२५ मि.मी. यापेक्षा कमी आली तर रिंगेचे टोक बारीक कानसीने बाहेरून आत असे घासून वाढवा. टोकाला टोक भिडले की रिंग तापल्यावर तिला जागा राहत नाही. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असल्यास तो मानावा.

आणि होननंतर सफाईला होनिंगपेक्षा जास्त वेळ द्या, ही कळकळीची विनंती आहे. दगडाची आणि लोखंडाची भुकटी त्या नव्या रेघांत घट्ट बसलेली असते. पेट्रोल किंवा रॉकेल तेलकटपणा घालवते, पण भुकटी रेघांतच राहते. कडकडीत पाणी, धुण्याची पावडर आणि नायलॉनचा ब्रश यांनी बोअर घासा, पाणी बदला, पुन्हा घासा. मग स्वच्छ पांढऱ्या सुती कापडाला थोडे इंजिन ऑइल लावून बोअर पुसा. कापडावर करडा डाग आला की पुन्हा धुवा. माझ्या अनुभवात तीन-चार वेळा धुतल्याशिवाय कापड पांढरे राहत नाही. जुने धोतर यासाठी उत्तम, त्याचे तंतू सुटत नाहीत. धुतल्यावर पाणी पुसून त्याच क्षणी तेल लावा. ताजे होन केलेले कास्ट आयर्न काही मिनिटांत तांबूस होऊ लागते, पावसाळ्यात तर बघता बघता.

पंपघर

पांढऱ्या कापडाची गोष्ट मी आज लाइनरवर करून पाहिली. दुकानातून सरळ आणलेला, प्लास्टिकच्या पिशवीतला नवा लाइनर. तिसऱ्या पुसण्यापर्यंत करडा डाग येत होता. इतकी वर्षे मी नवा लाइनर फक्त रॉकेलने पुसून बसवत आलो. यापुढे धुऊनच बसवीन. कोनाबद्दलचा माझा आक्षेपही मागे घेतो.

शतांश

शेवटचा अहवाल लिहितो. बोअरिंगवाल्याशी बोलताना मला वाटले होते की ७०.१९ चा बोअर पॉइंट पंचवीसमध्ये, म्हणजे ७०.२५ मध्ये साफ होईल. त्याने बॅरल मशीनवर लावून तळाच्या न झिजलेल्या भागावर केंद्र धरले आणि डायल फिरवून दाखवला: मागच्या भिंतीला झीज १४ शतांश, पुढच्या भिंतीला फक्त ५. मूळ केंद्रावरून बोअर करायचा, तर मागचा खड्डा निघण्यासाठी त्रिज्येत १४ शतांश, म्हणजे व्यासात २८ शतांश वाढवावे लागतात. पॉइंट पंचवीसमध्ये मागच्या बाजूला एक चकचकीत पट्टा तसाच राहिला असता. केंद्र सरकवून तो काढता येतो, पण मग बोअर क्रँकशी सरळ रेषेत राहत नाही. म्हणून पॉइंट पन्नास, त्याच्या भाषेत वीस थाऊ. व्यास मोजणाऱ्या गेजला ही एकतर्फी झीज दिसू शकत नाही, ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती.

पिस्टन आधी विकत घेऊन त्याच्याकडे दिला आणि पिस्टनच्या प्रत्यक्ष मापावरून बोअर करायला सांगितले. डब्यावरचा आकडा धरू दिला नाही. त्याने होनिंगसाठी सुमारे पाच शतांश राखून बोअर केला, मग ताठ दगडांच्या मशीनवरच्या होनने शेवटच्या मापाला आणला. तो होन आपल्या घरच्या होनसारखा भिंतीमागे जात नाही, गोलाई राखून कापतो. घरी आणून रात्रभर ठेवून मोजला: सहाही मापे एक शतांशाच्या आत. रिंगेची फट ०.२५ आली. कापड चौथ्या धुण्यानंतर पांढरे राहिले.

रिंगांची तोंडे एकमेकींसमोर येणार नाहीत अशी फिरवून बसवली, पिस्टनला आणि बोअरला तेल लावले, बॅरल चढवले. पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये एकाच वेगाने लांब पळवली नाही आणि इंजिन फार ओढू दिले नाही. नंतर ऑइल बदलले, त्यात अपेक्षेप्रमाणे बारीक लोखंडी चमक होती. आता बाराशे किलोमीटर झाले आहेत. मागच्या वेळी याच टप्प्यावर धूर परत आला होता. आज सकाळी गाडी थंड असताना सुरू केली, सायलेन्सरपाशी पांढरे कापड धरले, आणि डिपस्टिक पाहिली: ऑइल बदलल्यानंतर जिथे होते तिथेच आहे.

भीमाकाठ

येझदी सुरू झाली. तिसऱ्या किकला. रिंगेची फट ०.२२ मिळाली, मोकळीक मॅन्युअलच्या मर्यादेत आहे. दुहेरीसायलेन्सर यांनी सांगितलेली खिडक्यांची गोलाई देण्यात पूर्ण दुपार गेली, एक्झॉस्टच्या खिडकीची खालची धार विशेषकरून तीक्ष्ण होती. पाचशे किलोमीटर झाल्यावर तीच जुनी रिंग पुन्हा घालून दोन्ही फटी मोजीन आणि इथे आकडे लिहीन.

टूलरूम

जरूर लिहा. मोजताना रिंगेची तीच बाजू वर ठेवा आणि महिन्याचा फरक पडला तर त्या दिवशीचे तापमानही लिहून ठेवा.